विहिरीच्या तळाची चिठ्ठी

धाकटी भाची टेबलावर वाकून काचेच्या गोळ्यात पाहत होती, आणि पाहता पाहता तिचं हसू जागच्या जागी थांबलं. एवढंच झालं. काही पडलं नाही, काही सांडलं नाही. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे येताना टीं-टीं करत होती, ती तशीच करत राहिली. आत्या दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला आधी वाटलं, काचेला चीर गेली. मग आठवलं, त्या गोळ्याच्या बुडाला काय चिकटवलेलं आहे. आणि हातातले दोन्ही कप भरल्या बादल्यांसारखे जड झाले.

“अक्षर काय सुंदर आहे गं तुझं,” भाची म्हणाली.

“अगं, ते... फार जुनं आहे ते.”

“हो ना. शाई अजून फिकी नाही पडली.” तिने गोळा दोन्ही तळव्यांत धरून होता तिथे ठेवला. इतक्या हलक्या हाताने तिने आयुष्यात काही ठेवलं नसेल. मग पाठपिशवी खांद्याला लावली. “चहा राहू दे. साडेचारची मुलं यायची वेळ झाली माझी. येते.”

दार लागलं, जिन्यावरून चपला वाजत उतरल्या, खालच्या वळणावर आवाज बारीक झाला, विरला. आत्याने कप ठेवले आणि टेबलापाशी जाऊन, भाची वाकली होती तशीच वाकली. गोळ्याच्या आत हिरवा काचेचा धागा वळणं घेत घेत खाली उतरत होता, मधला भाग निव्वळ पाण्यासारखा. आणि त्या पाण्याच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढं बारीक लिहिलेलं अक्षर फुगून, बोराएवढं होऊन वर आलं होतं. ‘धाकटीला नको. हिच्या हातून फुटतं.’

चाळीस वर्षं जिने चष्म्याच्या काचा घासल्या, तिने फुगीर काचेखाली अक्षर ठेवावं आणि ते कुणाला दिसणार नाही असं समजावं! दुकानाच्या जुन्या मालकांनी ऐकलं असतं तर पोट धरधरून हसले असते. सगळा बाजार तिला भिंगवाल्या बाई म्हणायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत फिरत्या चाकापुढे, पाण्याच्या बारीक धारेखाली काच धरून ती उभी असे. पुढे काउंटरवर कोण आलं, कोण गेलं, हे तिला माहीत नसे. फक्त नंबर माहीत असत. उणे सव्वादोन आले. अधिक एक रडत आले, हसत गेले. काच तयार झाली की खिडकीसमोर धरून ती जराशी हलवायची. खिडकीचा गज काचेबरोबर सरकला तर उणे, उलटा सरकला तर अधिक. माणसांच्या बाबतीतही तिने जन्मभर हेच केलं, थोडं हलवून बघायचं, कुठे सरकतात ते. चाकाच्या घरघरीत ओठांवर आपोआप ओळी यायच्या. चाल आईची, शब्द तिचे स्वतःचे.

घासते मी काच, काच पाण्यासारखी व्हावी
कुणाच्या गं डोळ्यांपुढं वाट लख्ख उजळावी

दुसऱ्यांच्या वाटा उजळल्या. स्वतःच्या घरात मात्र, ओल्या हाताने शाई पुसली जाऊ नये म्हणून दुकानात नंबराची चिठ्ठी, अक्षर काचेकडे करून, उपडी चिकटवायचे, तीच सवय घेऊन तिने हौसेने जमवलेल्या त्रेचाळीस काचेच्या वस्तूंना त्रेचाळीस चिठ्ठ्या उपड्या चिकटवल्या. उचलून बुडाकडून पाहिलं तर नुसता कोरा कागद. आणि वरून? वरून बघणार कोण? गोळा सगळ्यात वरच्या फळीवर, डोळ्यांच्याही वर. खालून बघणाऱ्याला हिरव्या वळणांपलीकडे काही दिसत नसे. दर गुरुवारी ती स्वतः तो उतरवून पुसायची. तेव्हा ती ओळ तिच्यासमोर यायचीच की. पण घरातलं बंद पडलेलं घड्याळ जसं घरच्यांना दिसेनासं होतं, तशी ती ओळ दिसेनाशी झाली होती. किंवा दिसत होती आणि बरोबर वाटत होती. हे दुसरं मनात आलं तसं तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की जग मऊ व्हायचं. आज झालं नाही.

आज सकाळी संग्रहालयातल्या बाई आल्या म्हणून तर सगळ्या काचा फळ्यांवरून टेबलावर उतरल्या होत्या. उतरवायला मदत म्हणून भाची आली, आणि मदत करताना एक खुर्ची आडवी पाडली, दोनदा ‘सॉरी सॉरी’ म्हणाली, तेव्हा आत्याने तिला हसत हसत यादी धरून बसायला सांगितलं होतं. बाई तरुण होत्या, हातमोजे न घालता आल्या होत्या. “हातमोज्यातून काच निसटते,” म्हणाल्या आणि साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच त्यांनी पहिल्या काचेला स्पर्श केला. आत्याला त्यांच्याबद्दल आदर वाटला. प्रत्येक भांडं उचलून त्यांनी उजेडात फिरवलं, काठावरून बोट नेलं, काहीबाही लिहिलं. हिरव्या गोळ्यापाशी बराच वेळ थांबल्या. उलटा केला, ‘तळाशी कागद, काढावा’ एवढं लिहिलं आणि यादीत त्याला पहिला नंबर दिला.

“अकरा आम्ही घेऊ,” शेवटी म्हणाल्या. “बाकीच्या सुंदर आहेत, पण तशा आमच्याकडे आहेत.”

“कुठे ठेवाल?”

“तळघरात. पेट्या असतात, आत मऊ अस्तर. हवा कोरडी. चार-पाच वर्षांनी एखादं प्रदर्शन होतं, तेव्हा काढतो.”

“आणि मधल्या काळात?”

बाईंना प्रश्न कळला नाही. “मधल्या काळात सुरक्षित,” त्या म्हणाल्या. “सोमवारी कळवा. समितीची बैठक आहे.”

सुरक्षित. तो शब्द आत्याला सकाळी थंड पाण्याच्या घोटासारखा वाटला होता. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तिचे हात समोर धरायला लावले, बोटांकडे पाहिलं, आणि “वयाप्रमाणे आहे” असं म्हणाले. वयाप्रमाणे बोटं थरथरत होती. तेव्हापासून तिला फळ्यांवरच्या काचा आपल्याकडे बघतायत असं वाटे, जशी सहलीला गेलेली मुलं परतीची वेळ झाल्यावर बाईंकडे बघतात. आमचं काय? एकेक आणली होती तिने, दरसाल एखादी. लग्न केलं नाही, घर मोठं केलं नाही, दागिना केला नाही, काच केली. घ्यायच्या आधी दुकानदाराला न जुमानता दारापर्यंत न्यायची, रस्त्यापुढे धरायची, आणि त्या काचेतून जाणारी माणसं बघायची. मधाच्या रंगाच्या वाडग्यातून सगळे लोक सुट्टीवर निघाल्यासारखे दिसत. धुरकट सुरईच्या पोटात एक बुडबुडा अडकलेला होता. कधीच्या काळी कुणा कारागिराने नळीतून फुंकलेल्या श्वासातला एवढासा श्वास, तो माणूस गेला तरी अजून सोडलेला नाही. दोन कानांची बुटकी बरणी पाहून भाऊ म्हणाला होता, “ही तर कमरेवर हात ठेवून उभी आहे, भांडायला आलेली काकू!” तेव्हापासून ती काकू. आणि हिरव्या गोळ्याचं नाव भाचीने ठेवलं. चार वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून वरच्या फळीपर्यंत पोचली, आत डोकावली आणि ओरडली, “यात विहीर आहे!” आत्याने तो गोळा आठ वर्षं घरात ठेवला होता. विहीर तिला तोवर दिसली नव्हती.

आणि मग भाची सात वर्षांची असताना फुंकर फुटली. फुंकर म्हणजे जांभळट रंगाचं इतकं पातळ पात्र, की हातात घेतलं तर आपण काही घेतलंय की घेतल्याचा भास होतोय हे कळू नये. आत्या स्वयंपाकघरात होती, नळ धो धो वाहत होता. बाहेर आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोर दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी. पायांभोवती फुलांच्या पाकळ्या पडाव्यात तशा कपच्या. “मी हात नाही लावला. तीच माझ्याकडे आली,” पोर म्हणाली. आत्या म्हणाली, “असू दे. तुला लागलं नाही ना? वस्तूच ती.” भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. “वन्सं, मन मोठं हो तुमचं,” ती म्हणाली. भावाने केरसुणी आणली. सगळ्यांनी मिळून आत्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, तेही तिने गोड मानून घेतलं, पोरीला बिस्किटं दिली, जिन्यापर्यंत सोडायला गेली. आणि वर येऊन, दार लावून, बारीक निबाचं पेन काढलं. तोंडाने माफ केलं आणि हाताने लिहून ठेवलं. चोवीस वर्षं तोंड आपल्या वाटेने गेलं, हात आपल्या.

रविवारी सकाळी तिने सगळ्या काचा एकेक करून पालथ्या घातल्या, टोकदार चिमट्याने चिठ्ठ्यांची टोकं उचलली आणि वाचत गेली. तिच्या आठवणीत त्या चिठ्ठ्या म्हणजे वाटणी होती, कुणाला काय द्यावं याची. मधाचा वाडगा थोरल्या भाचीला. थोरली आता दूर देशी राहते; मागे विचारलं तर म्हणाली, “आत्या, फोटो पाठव ना, फोटो पुरे.” निळी तबकडी दुकानाच्या मालकांना, मालक जाऊन अकरा वर्षं झाली. पण पुढे पुढे चिठ्ठ्यांचा सूर बदलत गेलेला. ‘भावजयीला नको, कांदे ठेवील.’ हे वाचून तिला एकटीलाच हसू फुटलं. ‘शेजारच्या बाईंना द्यावी’, मग त्यावर काट, ‘नको, किल्लीवरून बोलल्या.’ कोणती किल्ली, काय बोलल्या? काही आठवेना. रुसवा विरून गेला होता, चिठ्ठी तेवढी उरली होती. नको, नको, नको. मोजल्या तर सत्तावीस निघाल्या. मृत्युपत्र लिहायला बसलेल्या बाईने तक्रारवही लिहून ठेवली होती, आणि ती कुणाला सापडू नये म्हणून जगातल्या सगळ्यात पारदर्शक वस्तूखाली लपवली होती.

तिने परातीत कोमट पाणी घेतलं. एकेक बूड त्यात धरलं. कागद सुटून वर यायचा, पाण्यावर क्षणभर तरंगायचा, शाई निळ्या धुरासारखी पसरायची. त्रेचाळीस जणींच्या पाठीवरची ओझी उतरली, पण प्रश्न उतरला नाही. आता कुणाला नको हे पुसलं गेलं. कुणाला हवं, हे कुठे लिहिलं होतं? तिच्यामागे या काचांना नावं तरी कोण सांगणार? काकूला काकू म्हणणारं कुणी नसेल तर ती नुसती बुटकी बरणी. अंधाऱ्या पेटीत, मऊ अस्तरात, उजेडाशिवाय काच म्हणजे काय, हे तिला ठरवता येईना. झोपलेली काच? की नसलेली? आणि तरी तळघराचा मोह सुटेना. तिथे खुर्च्या आडव्या होत नाहीत. तिथे सात वर्षांचं कुणी नसतं. मोडणारच नाही अशा जागी ठेवली की आपणही थोडे उरतो, असं काहीतरी तिच्या मनाच्या तळाशी होतं, फुगून वर आलं तर वाचता येईल एवढं.

दुपारी भावाचा फोन आला. “ताई, जमलं का गं त्या बाईंशी?”

“अकरा घेतात म्हणे.”

“आणि बाकीच्यांचं काय? मला नको हं, आधीच सांगतो. मी सपाट जमिनीवर स्वतःच्या पायात अडखळतो.”

“तुला कोण देतंय!”

“काकू तेवढी दे. तिचं-माझं जमतं. घरात एकीची सवय आहेच.” मागून भावजयीचं काहीतरी ऐकू आलं, तो खो-खो हसला.

आत्याने विचारलं, “धाकटी काय म्हणाली? घरी आल्यावर?”

“ती? काही नाही. काल आल्यापासून सगळी भांडी घासतेय, पुसतेय, जागेवर लावतेय. एकही फोडलं नाही, म्हणून तर तिच्या आईला काळजी वाटतेय. ताप बघितला तिने पोरीचा.”

आत्याने हसून फोन ठेवला. एकतीस वर्षांची पोर, जिच्या येण्याने जिना दणाणायचा, जिच्या फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं, जिचा चष्मा एका कानाला तारेने बांधलेला; ती आता हलक्या हाताने कप लावत असेल, श्वास धरून. काल गोळा ठेवला तसा. आत्याला हवं होतं ना हेच? ते मिळालं होतं, आणि ते बघवत नव्हतं. तिने गोळा जवळ ओढला. तळ आता स्वच्छ होता. वरून पाहिलं तर विहिरीत विहीर, खोल, काही न लिहिलेली. सगळ्या काचा बघायला म्हणून येणारं माणूस जगात एकच होतं. बाकीचे चहाला येत.

सोमवारी तिने संग्रहालयात फोन केला. “अकरा नाही, दहा देते,” ती म्हणाली. “पहिल्या नंबरचा गोळा वगळा.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “आजी, खरं सांगू? समितीला बाकीच्या दाखवणार होते ते त्याच्या जोरावर. तो नसेल तर दहाही घेतील की नाही, मी शब्द देऊ शकत नाही.”

बाईंनी तिला ‘आजी’ म्हटलं, तेही तिने ऐकलं. खिडकीच्या गजांवरून ऊन सरकत होतं. एका बाजूला दहा काचांचं उरणं, अस्तर, कोरडी हवा, पेटीवर तिचं नाव; दुसऱ्या बाजूला एक गोळा. “विचारून बघा,” ती म्हणाली. “नाही म्हणाले तर नाही. बाकीच्या इथेच राहतील. जो जिना चढून येईल आणि मागेल त्याच्या. काकूला मात्र गिऱ्हाईक आहे.” शेवटचं वाक्य बाईंना कळलं नसणार. ती स्वतःशीच बोलली होती.

मग तिने गोळा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेऊन बसने चार थांबे गेली. भाची जिथे मुलांना पोहायला शिकवायची ते ठिकाण आत्याने कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षं नुसतं ‘जाते, मुलं येतील’ ऐकलेलं. आत गेल्यावर औषध घातलेल्या पाण्याचा तो वास आला, भाचीच्या केसांना नेहमी येणारा. उंच छत, निळ्या फरशा, आवाजांचे प्रतिध्वनी. पाण्यात दहा-बारा टोप्या हेलकावे खात होत्या आणि काठावर गळ्यात शिट्टी अडकवलेली भाची गुडघ्यांवर बसून एका रडणाऱ्या टोपीला सांगत होती, “घाबर की. घाबरून हात मार. माझं काही म्हणणं नाही.” आणि खरंच, ती टोपी रडत रडत हात मारायला लागली. आत्याला वाटलं, ही आपली नसती तर आपण हिच्याकडे शिकलो असतो.

भाचीने मान वर केली. उभी राहिली. अंगावरून पाणी ठिबकत होतं. “आत्या? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“सगळे बरे आहेत. तुझ्या आईला वाटतं तुलाच बरं नाही.”

भाची हसली नाही. आत्याने टॉवेल सोडला. छतावरच्या काचेतून उतरलेला उजेड गोळ्यात शिरला आणि हिरवी वळणं हलल्यासारखी झाली.

“ते लिहिलेलं खोटं नव्हतं,” आत्या म्हणाली. वाटेत बसमध्ये दुसरंच वाक्य ठरवलं होतं.

“माहीत आहे. फुटतंच माझ्या हातून.”

“तसं नाही. तेव्हा असू दे म्हणाले ना, ते खोटं होतं. चोवीस वर्षं तुझ्यावर माझा राग होता, आणि तुला कधी कळू दिला नाही.”

“कळत होता की,” भाची म्हणाली, अगदी साधेपणाने. “तू मला कप कधी हातात देत नाहीस. टेबलावर ठेवतेस, मग मी घेते.”

पाण्यात कुणीतरी खदखदून हसलं, कुणीतरी शिंतोडे उडवले. आत्याच्या चष्म्यावर दोन थेंब आले, ते तिने पुसले नाहीत. जन्मभर हलवून बघितलं होतं तिने माणसांना, गजासमोर धरून. आपण कुणाकडे सरकतो आणि कुणापासून, हे कुणी दुसरंच काठावरून बघत होतं. तिने गोळा पुढे केला.

“बाकावर ठेव,” भाची म्हणाली. “हात ओले आहेत माझे.”

“दिसतंय मला. हातात घे.”

भाचीने घेतला. आत्याची बोटं थरथरत होती, भाचीची ओली होती, आणि मध्ये एक क्षण असा गेला की गोळा कुणाच्याच हातात नव्हता. मग तो भाचीच्या हातात होता.

“फुटला तर?”

आत्याला काहीतरी शहाणं, मोठ्या मनाचं सुचलं. ते तिने गिळलं. “फुटेल,” ती म्हणाली. “फुटला तर मला सांग. आवाज कसा झाला, तेही सांग. त्या दिवशी नळ चालू होता, मला ऐकू आलं नाही.”

भाचीच्या ओठांचा कोपरा हलला, मग दुसरा. “घुंगरासारखा झाला होता,” ती म्हणाली. “फार सुंदर होता, आत्या. म्हणून तर मी पळून गेले नाही.”

पलीकडे दोन टोप्या एकमेकींना बुडवायला निघाल्या होत्या. भाची गर्रकन वळली, विहीर एका हातात कमरेशी धरली, दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडाला लावली, आणि ओल्या फरशीवरून पळत सुटली.

आत्याने गोळ्याकडे बघणं सोडून पाण्याकडे पाहिलं. पाणी छान होतं.